नाशिकची थंडी आणि बॉल पायथन: टँकचं तापमान टिकवायचं कसं?

मखमलाबादकर
९ जानेवारी, रात्री ११:२०

मंडळी, नमस्कार. घरी बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) आहे. नर, वय दोन वर्षं, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदणी केलेला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे धागा भरकटणार नाही.

तीन फुटी काचेचा टँक, वर जाळीचं झाकण, तळाला बाहेरून लावलेली १४ वॉटची हीट मॅट आणि तिला थर्मोस्टॅट. सेटिंग ३२. पावसाळ्यात, दिवाळीत काहीच तक्रार नव्हती. आता गारठा वाढला तसं सगळं बिनसलंय. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, टँक हॉलमध्ये उत्तरेच्या खिडकीखाली. पहाटे हॉलचं तापमान १४. थर्मोस्टॅटवर मात्र ३२ दिमाखात झळकतंय. थंड बाजूला चिकटवलेलं गोल काट्याचं थर्मामीटर २० दाखवतं, पण हात घातला की त्याहून बरंच गार लागतं. साप गरम बाजूच्या हाइडमधून, म्हणजे लपायच्या डब्यातून, हलत नाही. उंदीर दाखवला तर तोंड फिरवतो.

दुसरी मॅट लावू? की सरळ १०० वॉटचा पिवळा बल्ब सोडू? आईचं म्हणणं, वरून गोधडी टाक आणि झोप. बाबांचं म्हणणं, ज्याच्याकडून आणलास त्याला परत देऊन ये.


सर्किट_अंबड
९ जानेवारी, रात्री ११:४१

दोनच प्रश्न. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, नक्की कुठे आहे? आणि टँक कशावर ठेवलाय?


मखमलाबादकर
९ जानेवारी, रात्री ११:४८

प्रोब मॅट आणि काच यांच्या मध्ये, टेपने चिकटवलेला. टँक जुन्या स्टडी टेबलवर, सपाट. थर्मोस्टॅट एसटीसी-१०००, अंड्यांच्या इन्क्युबेटरला लावतात तोच.


सर्किट_अंबड
१० जानेवारी, सकाळी ७:०५

शिफ्टवर निघायच्या आधी लिहितोय.

थर्मोस्टॅटला फक्त प्रोबच्या टोकाचं तापमान कळतं. तुमचं टोक मॅटला चिकटलंय, म्हणजे डिस्प्लेवरचे ३२ हे मॅटचे ३२. वर काच, काचेवर कोकोपीट (नारळाचा भुसा), कोकोपीटवर साप. त्याच्या पोटापर्यंत पोचेस्तोवर ते २७-२८ उरले तरी नशीब. प्रोबची जागा तशी चुकीची नाही, उलट तीच बरी. प्रोब टँकच्या आत सुटा सोडला की साप तो ढकलतो किंवा त्यावर मुततो. ढकललेला प्रोब गार हवा मोजतो, थर्मोस्टॅटला वाटतं अजून तापवायला हवं, आणि मॅट थांबायचं नावच घेत नाही. सापाचं पोट भाजण्याच्या बऱ्याच प्रकरणांचं मूळ हेच असतं. भाजत असलं तरी साप तिथून उठेलच याचा भरवसा नाही, तो तिथेच पडून राहतो.

तेव्हा प्रोब राहू द्या तिथेच, सेटिंग मात्र आतून मोजून ठरवा. हाइडखालचं कोकोपीट बाजूला करा, उघड्या काचेवर टेंपरेचर गन मारा. तिथे ३१-३२ मिळायला डिस्प्लेवर ३५ ठेवावं लागलं तर ३५ ठेवा. कोकोपीटच्या वरून मोजू नका. हा साप खाली घुसून बसणारा आहे, त्याचं पोट शेवटी काचेलाच टेकतं.

गन नसेल तर कोविडमधली कपाळाची गन काढा, बहुतेक घरांत पडून असते. पण तिचा बॉडी मोड बंद करून सरफेस मोड लावा, कारण बॉडी मोडमध्ये ती आकडा स्वतःच्या हिशोबाने बदलून दाखवते. बाहेरून काचेवर धरून आतलं तापमान कळत नाही, काचेचंच कळतं. झाकण उघडून मोजायचं. चकचकीत पत्रा किंवा फॉइलवर कुठलीही गन खोटंच बोलते.

आता टेबल. मॅट लावलेला टँक सपाट टेबलावर ठेवला की खालची उष्णता अडकते, काच एका जागी तापते आणि कधी तडकते. चार कोपऱ्यांना रबरी बूट लावा. बोटभर फट पुरे.

ते गोल काट्याचं थर्मामीटर काढून ठेवा. शोभेला ठीक आहे.


नागमोडी_इंदिरानगर
१० जानेवारी, दुपारी १:३०

सर्किटदादांचं सगळं मान्य, पण मूळ दुखणं दुसरंच आहे. हीट मॅट जमीन तापवते, हवा नाही. खोली २५ अंशांवर असते तेव्हा मॅट पुरते, कारण हवा आधीच ठीक असते. खोली १४ वर आली की मॅटच्या चौकोनात ३२ आणि वीतभर बाजूला १७. साप मॅटवर चिकटून बसणार नाही तर काय करेल?

याची गरज काय असते ते बघा. पश्चिम आफ्रिकेतला प्राणी, घाना-टोगो-बेनिनकडचा. बराच वेळ उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात काढतो, जिथे दिवसरात्रीत फार फरक पडत नाही. गरम जागेवर ३१-३२, थंड टोकाला २५-२६, रात्री २३-२४ च्या खाली शक्यतो नको. शरीर आतून तापत नसल्यामुळे पचन, प्रतिकारशक्ती, सगळं याच आकड्यांवर चालतं. खाल्ल्यावर गारठा मिळाला तर उंदीर पोटात कुजतो आणि साप उलटी करतो. सतत गारठ्यात राहिला तर छाती भरते. श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंडाशी चिकट लाळ किंवा बुडबुडे, तोंड उघडं ठेवून मान वर करून बसणं, यातलं काही दिसलं तर इथे विचारत बसू नका, सापांची माहिती असलेला पशुवैद्य गाठा.

तुम्ही विचारताय उष्णता किती वाढवू. मी म्हणते, आहे ती आधी पळू देऊ नका. काच आणि वर जाळी, म्हणजे चारही बाजूंनी आणि छतातून गळती. थंडीत विरजण लावताना आपण भांडं गॅसवर ठेवत नाही, टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवतो. तेच करायचं.

मागची आणि दोन्ही बाजूंची काच बाहेरून इंचभर जाडीच्या थर्मोकोलने झाका. खालीही थर्मोकोल चालेल, पण मॅटची जागा मोकळी ठेवून. जाळीचा पाऊण भाग काचेच्या तुकड्याने बंद करा, उरलेला हवेला मोकळा. रात्री पुढच्या काचेवर जाड चादर. आणि टँक त्या खिडकीखालून आजच्या आज हलवा. बाहेरच्या भिंतीपासून दूर, आतल्या खोलीत, जमिनीपासून वर.

याने ओलावाही टिकेल. बॉल पायथनला ५५ ते ६५ टक्के लागतो. आपली जानेवारीतली हवा कोरडी, त्यात उघडी जाळी. मग कात तुकड्या-तुकड्यांत निघते आणि डोळ्यावरची टोपी, म्हणजे कातीचा पातळ पापुद्रा, तशीच राहते. ती चिमट्याने ओढायला जाऊ नका.

आईंना सांगा, गोधडीची कल्पना तशी चुकीची नव्हती, फक्त हवेला जागा ठेवायची.


पारावरचा
१० जानेवारी, दुपारी ३:१२

एवढा खटाटोप करण्यापेक्षा साप पाळायचाच कशाला? कुत्रा पाळा, मांजर पाळा. आफ्रिकेतला जीव मखमलाबाद रोडला आणून थंडीत कुडकुडत ठेवायचा आणि वर इथे विचारायचं.


धामणमित्र
१० जानेवारी, संध्याकाळी ६:५०

@पारावरचा, तुमच्याशी निम्मा सहमत. सर्पमित्र म्हणून मीही कुणाला साप पाळा असा सल्ला देत नाही. पण जो आधीच घरात आहे त्याला जंगलात सोडून तर देता येत नाही ना. इथल्या जंगलात तो जगणार नाही, आणि जगला तर ते त्याहून वाईट.

कायद्याचं एकदाच लिहितो, पुन्हा विचारू नका. नाग, धामण, अजगर, मांडूळ, आपल्याकडचा कुठलाही साप घरात ठेवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहेच. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली. बॉल पायथन साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून त्याची नोंदणी परिवेश पोर्टलवर करावी लागते, २०२४ च्या नियमांप्रमाणे. प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत. पिल्लं झाली, साप मेला, दुसऱ्याला दिला, तर तेही कळवायचं. कॉर्न स्नेक हा दुसरा पाळला जाणारा परदेशी साप साइट्समध्ये नाही, पण बिल आणि कागद त्याचेही जपून ठेवा. उद्या दारात कुणी उभं राहिलं तर ‘एका मित्राने दिला’ हे उत्तर चालत नाही.

मुद्द्याचं सांगतो. थंडीत आम्हाला सापांचे कॉल कमी येतात. साप कुठे जात नाहीत, बिळात खोल उतरतात, कारण तिथे तापमान फारसं हलत नाही. नऊ-दहाला ऊन तापलं की घोणस बांधावर अंग पसरून पडलेली दिसते. म्हणजे सापाला एक आकडा नको असतो. ऊबदार जागा आणि गार जागा दोन्ही हव्यात, आणि त्यांत ये-जा करायची मोकळीक. टँक इकडून तिकडून ३२ वर ठेवला तर तोही छळच.


नवाकोरा_९९
१० जानेवारी, रात्री ९:०३

मांडूळ पाळायला मिळेल का कुठे? जाड असेल तर चांगला भाव देईन.


संपादक
१० जानेवारी, रात्री ९:१०

@नवाकोरा_९९, वरचा प्रतिसाद न वाचताच लिहिलंत. सदस्यत्व स्थगित. मांडुळाने धन मिळतं ही भाकडकथा ऐकून कितीजण कोठडीत गेलेत ते वर्तमानपत्रात वाचा.


द्राक्षबाग_दिंडोरी
११ जानेवारी, पहाटे ५:२२

बागेत शेकोट्या पेटवून आत्ताच आलो, झोप लागत नाही म्हणून वाचत बसलो. साप आमच्याकडे पाळत नाही, पण थंडी आणि कोंबड्या दोन्ही कळतात.

थंड हवा जड असते, खाली बसते. त्यामुळे निफाड-दिंडोरीकडच्या खोलगट शेतात पारा शहरापेक्षा खाली असतो, आणि आमच्या बागेतही बांधाकडच्या खालच्या ओळींना आधी फटका बसतो. तुमच्या घरातही फरशीलगतची हवा सगळ्यात गार. टँक जमिनीवर असेल तर उचलून वर ठेवा, ताई सांगतात ते बरोबर आहे.

पिवळ्या बल्बबद्दल. ब्रूडरमध्ये, म्हणजे कोंबडीची पिल्लं उबेत ठेवायच्या खोक्यात, आम्ही बल्ब लावतो तेव्हा थर्मामीटरकडे कमी आणि पिल्लांकडे जास्त बघतो. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली की गारठा, लांब कडेला पांगली की उकाडा. साप गरम हाइडमधून हलत नाही म्हणताय, तो पण तेच सांगतोय.


सर्किट_अंबड
११ जानेवारी, रात्री ८:१५

@द्राक्षबाग_दिंडोरी काका, खरंय. पण बल्ब सापाला रात्रभर नको. त्याला उजेड-अंधार कळतो. लाल बल्बाने फसत नाही, तोही उजेडच. आणि १०० वॉटचा बल्ब उघडा टँकमध्ये टांगला तर साप त्याला वेटोळं घालतो.

आता गणित. ठोकताळा आहे, पण उपयोगी पडेल. तीन फुटी काचेचा टँक, वर उघडी जाळी. खोलीपेक्षा हवा एक अंश गरम ठेवायला साधारण दहा वॉट लागतात. म्हणजे १४ वॉटच्या मॅटने हवा दीडेक अंश वर. मग पहाटे थंड बाजूला १६-१७ असतील तर त्यात नवल ते काय. ताईंनी सांगितल्याप्रमाणे तीन बाजू आणि झाकण बंद केलं तर अंशामागे चार-पाच वॉटवर येईल. तरीही १४ वॉटने तीन-चार अंशच मिळतात. तुम्हाला लागतात दहा. म्हणून थर्मोकोल लावाच, पण सोबत ६० वॉटचा सिरॅमिक हीटर लागेल. तो बल्बसारखाच दिसतो, उजेड नसतो.

त्याची पथ्यं:

होल्डर चिनी मातीचाच घ्या. साधा बॅकेलाइटचा काळा होल्डर काही दिवसांत करपतो. हीटरचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या वर जातो, म्हणून भोवती तारेचा पिंजरा, सापाला वेढा घालता येणार नाही असा. थर्मोकोल त्याच्या आसपास नको, तो वितळतो आणि पेटतो. झाकणातला हीटरच्या वरचा भाग जाळीचाच ठेवा.

त्याला वेगळा थर्मोस्टॅट. प्रोब गरम बाजूला, जमिनीपासून चार बोटं वर, मागच्या काचेला घट्ट बांधून. सेटिंग २७. मॅटवाला थर्मोस्टॅट आहे तसाच. दोघांची कामं वेगळी, एक पोटाची उष्णता बघतो, एक हवेची.

एसटीसी-१००० मध्ये एफ-१ म्हणजे हवं ते तापमान, एफ-२ म्हणजे किती अंश घसरल्यावर हीटर पुन्हा चालू व्हावा तो फरक. तो ०.५ वर ठेवा. एफ-४ ने सेन्सर जुळवता येतो. बर्फाचा चुरा करा, तो जेमतेम भिजेल एवढं गार पाणी घाला, प्रोब त्यात घालून ढवळत राहा. आकडा शून्यावर स्थिरावायला हवा. १.२ वर थांबला तर एफ-४ मध्ये उणे १.२. फुकटातलं काम आहे, पण कुणी करत नाही.

आता मला भीती वाटते ती गोष्ट. या स्वस्त थर्मोस्टॅटचा रिले, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा आतला स्विच, कधीकधी चिकटतो आणि मग हीटर बंदच होत नाही. डिस्प्ले ३८, ३९ दाखवत राहतो, बघायला कुणी नसतं. म्हणून त्याच लाइनवर आणखी एक थर्मोस्टॅट ओळीने जोडा, तीन-चार अंश वर सेट करून. पहिला चिकटला तर दुसरा तोडतो. मागे उघडे टर्मिनल असतात, २३० व्होल्ट असतात, शेजारी पाण्याची वाटी असते. डब्यात बंद करा, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलेल्या बोर्डावर लावा. वायरिंग जमत नसेल तर वायरमनला शंभर-दोनशे द्या.


नागमोडी_इंदिरानगर
११ जानेवारी, रात्री ८:४०

हे रिलेचं सगळ्यांनी वहीत लिहून ठेवा. गारठ्याने साप हळूहळू आजारी पडतो, तेवढ्यात काहीतरी करता येतं. ४० च्या वर मात्र काही तासांचा खेळ असतो.


गंगापूररोडी
१२ जानेवारी, सकाळी १०:११

कंबर शेकायचा इलेक्ट्रिक पट्टा चालेल का? घरात आहे.


सर्किट_अंबड
१२ जानेवारी, सकाळी १०:३०

नाही. त्यातले बरेच ठरावीक वेळाने आपोआप बंद होतात, आणि चालू असताना कुठे किती तापतील याचा नेम नाही. कंबरेलाच ठेवा.


मखमलाबादकर
१६ जानेवारी, रात्री १०:००

थर्मोकोल लावला, झाकण काचेने झाकलं, टँक आतल्या बेडरूममध्ये हलवला, सिरॅमिक ६० वॉटचा बसवला. दुसरा थर्मोस्टॅट ओळीने जोडायचं काम वायरमनने केलं, ‘साहेब, हे एवढं कशासाठी?’ असं विचारत. टँकमध्ये वाकून बघितल्यावर त्याने पैसेही न मोजता जिना गाठला.

आज पहाटेचे आकडे: खोली १६, थंड टोक २४, मधली हवा २६, हाइडखालची काच ३१.५. मॅट ३५ वर सेट करावी लागली, सर्किटदादांचा अंदाज तंतोतंत. ओलावा ५८. साप रात्री पहिल्यांदाच थंड बाजूच्या हाइडमध्ये दिसला.

आता उंदीर देऊ का?


नागमोडी_इंदिरानगर
१६ जानेवारी, रात्री १०:२५

आठवडाभर आकडे असेच टिकू द्या, मग द्या. नेहमीपेक्षा लहान. फ्रीजरमधला उंदीर पूर्ण वितळलेला, आतून गार नसलेला, कोमट पाण्यातून काढून कोरडा केलेला. दिल्यावर दोन दिवस सापाला हात नाही. उलटी झालीच तर किमान दहा-पंधरा दिवस काही देऊ नका, लगेच पुन्हा भरवण्याचा मोह टाळा.

आणि नाही खाल्लं तरी घाबरू नका. नर बॉल पायथन थंडीत महिनोन्‌महिने उपाशी राहतात, तापमान अगदी बरोबर असलं तरी. किचनच्या वजनकाट्यावर दर आठवड्याला वजन करा. दहा टक्क्यांच्या वर घटलं तर डॉक्टर.


कॉर्नवाली_सिडको
१७ जानेवारी, दुपारी १२:०८

माझ्याकडे कॉर्न स्नेक आहे, प्लास्टिकच्या टबमध्ये. तिलाही हे सगळं करू का?


नागमोडी_इंदिरानगर
१७ जानेवारी, दुपारी १२:३५

एवढं नाही. कॉर्न अमेरिकेच्या आग्नेय भागातला, गारवा जास्त सोसतो. गरम जागा २९-३०, थंड टोक २२-२४, रात्री २० पर्यंत गेलं तरी फार बिघडत नाही. टब काचेपेक्षा उष्णता बरी धरतो. टबाच्या एक तृतीयांश तळाखाली मॅट, थर्मोस्टॅट हवाच, आणि टब कपाटाच्या बंद कप्प्यात ठेवला तर बहुतेक काम होतं. फक्त झाकणाची क्लिप तपासा. कॉर्न घरात सुटला की शोधायला फ्रिजचं मागचं कव्हर काढावं लागतं, तिथेच ऊब असते.


गंगापूररोडी
२१ जानेवारी, रात्री १:१४

वीज गेलीये. दोन तास झाले. काय करू?


सर्किट_अंबड
२१ जानेवारी, रात्री १:२२

इन्व्हर्टर असेल तर मॅट आणि सिरॅमिक त्यावर घ्या, दोन्ही मिळून पाऊणशे वॉट, पंख्याएवढंच. नसेल तर टँक उघडू नका. वरून चादर, पण कोपऱ्यात हवेला फट. पाणी तापवून बाटल्यांत भरा, टॉवेलात गुंडाळा, गरम बाजूच्या काचेला बाहेरून लावा. उकळतं पाणी थेट आत ठेवू नका. झाकलेला टँक तासाला फार घसरत नाही. काही तास २०-२१ वर गेला तर निरोगी सापाला काही होत नाही. नुकतंच खाल्लेलं असेल तर मात्र बाटल्या बदलत राहा.


गंगापूररोडी
२१ जानेवारी, सकाळी ८:४०

चारला आली. टँक २२ वर होता. धन्यवाद, तुम्ही झोपत नाही का?


सर्किट_अंबड
२१ जानेवारी, सकाळी ८:४४

नाइट शिफ्ट.


मखमलाबादकर
१४ एप्रिल, दुपारी ४:३०

धागा वर काढतोय. साप फेब्रुवारीअखेर खायला लागला, वजन भरून निघालं. पण आता उलटा प्रश्न. बाहेर ४०. आमचा वरचा मजला, रात्री नऊलाही स्लॅब तापलेला, बेडरूम ३५. दोन्ही थर्मोस्टॅट दिवसभर बंदच आहेत, तरी थंड टोक ३४. साप पाण्याच्या वाटीत बसून असतो. थर्मोकोल काढून टाकू?


नागमोडी_इंदिरानगर
१४ एप्रिल, संध्याकाळी ५:०२

आधी वाटीत बसण्याचं दुसरं कारण तपासा. अंगावर किंवा पाण्यात बारीक काळे ठिपके हलताना दिसतात का? ते माइट्स, सापाच्या अंगावरचे बारीक परजीवी. तसे नसतील तर उकाडाच.

थर्मोकोल काढू नका. दुपारची उष्णता आत शिरायला तोच अडवतो. रात्री खोली निवली की झाकणावरची काच काढा, सकाळी आठला परत लावा.

हीटर बंद असताना टँक खोलीपेक्षा गार होणारच नाही, त्यामुळे खोलीचंच बघावं लागेल. नुसता पंखा लावून सापाला गार वाटत नाही, त्याला घाम येत नाही. जाळीच्या अर्ध्या भागावर ओला पंचा आणि त्यावर पंख्याचा वारा, मग दोन-तीन अंश उतरतात. फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून थंड बाजूच्या काचेला बाहेरून, दुपारी दोनदा बदलून. कूलर चालवा, पण खिडकी उघडी ठेवून, नाहीतर खोली दमट आणि टँकमध्ये बुरशी. एसी असेल तर २७ वर लावा आणि बाकी सगळं विसरा.


धामणमित्र
१४ एप्रिल, संध्याकाळी ६:२०

यापेक्षा सोपं सांगू? मे महिना संपेपर्यंत टँक खाली हलवा. तळमजल्यावर कुणी ओळखीचं असेल तर वरच्या मजल्यापेक्षा चार-पाच अंश सहज कमी मिळतील. वर बाटल्या बदलत बसण्यापेक्षा ते बरं.


मखमलाबादकर
१४ एप्रिल, रात्री ९:४५

तळमजल्याला मावशी राहते. आत्ताच विचारून आलो. जिन्याखालची खोली द्यायला तयार आहे, तिथे आता २९ भरलं. अट एकच, उंदीर तिच्या फ्रीजमध्ये ठेवायचे नाहीत.